एका भांड्यात घरादाराचं जेवण: अंड्याचे बेक, भानोलं, पर ईडू, रस्से... तुमच्याकडे काय करतात?

हिवाळी_कांदा
मिनेसोटात थंडी पडली की ओव्हन चालू करायला निमित्त लागत नाही, उलट स्वयंपाकघर ऊबदार राहतं म्हणून बरंच वाटतं. इथे पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) 'हॉटडिश' असतेच असते. खाली खिमा, त्यावर डब्यातलं मश्रूम सूप आणि वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांची फरसबंदी. नाताळच्या सकाळी 'एग बेक'. पाव, दूध, अंडी, चीज रात्रीच एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचं. दोन्हींची चव माझ्या मते सपक, पण पद्धत फार सोयीची. सगळ्यांना एकदम गरम वाढता येतं. एकेकाचं आम्लेट घालत तव्यासमोर उभं राहायला नको.

सध्या साताऱ्याहून सासूबाई-सासरे आलेत, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सहा जणांसाठी मी करते ते असं:

अंडी १०, दूध २ कप, आदल्या दिवशीचा पाव ६-७ स्लाइस, उकडलेले बटाटे ३, कांदे २ मोठे, ढबू मिरची १, आलं-लसूण-हिरवी मिरची वाटून, हळद, कांदा-लसूण मसाला सपाट चमचाभर (पोह्याचा नव्हे, जेवणाचा), किसलेलं चीज पाऊण कप, कोथिंबीर मूठभर.

कांदा तेलावर चांगला लाल करायचा, मग ढबू मिरची, वाटण, मसाला. ही भाजी कोरडी व्हायला हवी. ९ बाय १३ इंचाच्या डिशला तूप लावून पावाचे तुकडे, बटाट्याच्या चकत्या, भाजी असे थर द्यायचे. अंडी-दूध-मीठ-हळद फेटून वरून ओतायचं, चमच्याने पाव दाबून बुडवायचा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १८० सेल्सिअसला, आधी फॉइल लावून अर्धा तास, मग फॉइल काढून चीज घालून १५-२० मिनिटं.

मुलं आवडीने खातात. सासूबाईंनाही चालतं. सासऱ्यांचं म्हणणं, "पोट भरलं गं, पण जेवण कुठंय?" त्यामुळे हा धागा. तुमच्याकडे अंड्याचं असं भरभक्कम, एका भांड्यातलं काय होतं ते लिहा. ओव्हनचंच हवं असं नाही.

पोळीभाजी_एक्सप्रेस
पाकृ मस्त, वाचनखूण साठवली. शंका: आमच्याकडे छोटा ओटीजी आहे, त्यात ही डिश मावणार नाही. काय करावं? आणि फोटो दिसत नाहीये.

हिवाळी_कांदा
@पोळीभाजी_एक्सप्रेस, आठ इंची चौकोनी टिन घ्या आणि सगळं निम्मं करा, क्षेत्रफळ जवळपास निम्मंच आहे. ओटीजीत वरची सळई अन्नाच्या फार जवळ असते, तेव्हा खालच्या खाचेत ठेवा आणि फॉइल जरा जास्त वेळ राहू द्या. फोटो टाकलेलाच नाही. मुलांनी डिश आधीच उकरली होती.

तांबडा_की_पांढरा
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. अंडं, दूध, कांदा-लसूण मसाला आणि चीज एका डिशमध्ये? आमच्या कोल्हापुरात याला घरात घेणार नाहीत. सासरेबुवा बरोबर बोलताहेत. माणसाला ओरपायला काहीतरी लागतं.

एका भांड्यातलं अंड्याचं जेवण म्हणजे फोडून सोडलेल्या अंड्यांचा रस्सा. उकडा, सोला ही भानगड नाही. सुकं खोबरं, तीळ, थोडी खसखस भाजून, कांदा तेलावर लालबुंद करून, आलं-लसूण-कोथिंबीर घालून वाटण करायचं. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, इथे घाई केली की रश्श्याला कच्चट वास राहतो. मग चटणी. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, हे कळलं असेलच. गरम पाणी घालून रस्सा खळखळ उकळू द्यायचा.

यापुढे महत्त्वाचं. आच मंद करायची, रस्सा नुसता हलता राहिला पाहिजे. एकेक अंडं वाटीत फोडून कडेने अलगद सोडायचं. वाटीत अशासाठी, की एखादं खराब निघालं तर सगळा रस्सा फुकट जायला नको. दोन अंड्यांत अंतर ठेवायचं. झाकण घालायचं आणि पाच-सात मिनिटं पळी लावायची नाही. अजिबात नाही. पळी लावली की रश्श्यात अंड्याच्या चिंध्या. माणशी दोन अंडी, भाकरी, कांदा, लिंबू. संपला विषय.

गिरगावची_गॅलरी
@तांबडा_की_पांढरा, रस्सा आवडीचा, वाद नाही. पण भाजून थापलेलं, कापून वाढायचं जेवण 'आपलं' नाही असं कसं म्हणता? आमच्या पाठारे प्रभूंच्या घरात भानोलं पिढ्यान् पिढ्या होतं. ओव्हन घरोघरी यायच्या आधी ते खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायचे. ही वरून-खालून आच म्हणजे ओव्हनच झाला की.

कोबीचं भानोलं सगळ्यांत नेहमीचं. कोबी अगदी बारीक चिरून, त्यात कांदा, भरपूर लसूण, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, हळद, तिखट, हिंग, परभी सांभार, सोललेली कोलंबी, मावेल तेवढं बेसन आणि सढळ हाताने तेल. तेलात कंजुषी केली तर भानोलं कोरडं ठणठणीत होतं. परभी सांभार म्हणजे इडलीबरोबरचं सांबार नव्हे. भाजलेले गहू, चण्याची डाळ, धणे, मोहरी, मेथी, हिंग, मिरच्या असा आमचा मसाला. गहू-डाळीमुळे पदार्थाला अंगचा दाटपणा येतो. कोबीला मीठ लागलं की पाणी सुटतं, तेव्हा बेसन शेवटी घाला आणि वरून पाणी घालू नका.

आमच्याकडे या मिश्रणात अंडी फेटून घालतात, किलोभर कोबीला तीन-चार. खिम्याचं भानोलं केलं तर अंडं हवंच, नाहीतर वडी सुटत नाही. १८० ला पाऊण तास, वरून खरपूस तांबूस व्हायला हवं. निवल्यावर कापायचं. दुसऱ्या दिवशी तव्यावर त्याच वड्या परतून खायला मिळाव्यात म्हणून मुद्दाम मोठं भानोलं लावायची पद्धत आहे.

@हिवाळी_कांदा, सासऱ्यांना हे देऊन बघा. वरण-भाताबरोबर. कोलंबी नसली तरी चालेल.

नाममात्र
कोलंबी नसली तरी चालेल म्हणणारा पहिला पाठारे प्रभू आयडी. धागा जपून ठेवा.

गिरगावची_गॅलरी
:) अडचणीत चालेल असं वाचावं.

मंद_आच
हे सगळे पदार्थ एकाच ठिकाणी बिघडतात, म्हणून तेवढंच लिहितो. मुख्य गोष्ट तापमान.

पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला आळायला लागतो, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. दूध घातलं की प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण आळायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यापुढे तापवत राहिलं तर प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर टाकते. डिशच्या तळाशी जे पिवळट पाणी साचतं ते हेच. लोक म्हणतात "अजून कच्चं आहे, पाणी आहे बघ" आणि पुन्हा दहा मिनिटं ठेवतात. मग आणखी पाणी!

पाण्याचं दुसरं कारण भाज्या. पालक, मश्रूम, टोमॅटो, दुधी कच्चे घातले तर ते आपलं पाणी ओव्हनमध्येच सोडणार. धागाकर्तीने भाजी कोरडी करायला सांगितली आहे ती ओळ अधोरेखित करून घ्या. पालक तर परतून, निवल्यावर मुठीत पिळूनच घालावा.

दुधाचं प्रमाण: एका अंड्याला चमचाभर दूध घातलंत तर घट्ट, सुरीने कापून हातात घेता येईल असं होतं (डब्याला हेच बरं). अर्धा कप घातलंत तर थलथलीत, चमच्याने खायचं. पाव असेल तर तो दूध पितो, त्यामुळे मधलं प्रमाण चालतं. वरच्या पाकृत एका अंड्याला जवळपास ५० मिली दूध पडतंय, पाव-बटाट्यासाठी योग्य आहे.

झालं कसं ओळखायचं? डिश हलकेच हलवा. कडा स्थिर आणि मधला वाटीएवढा भाग थरथरतो, पण लाटेसारखा वाहत नाही, असं दिसलं की बंद करा. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत आतल्या उष्णतेने तो भाग बसतो. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर थर्मामीटर खुपसून मध्यभागी ७१ अंश आले का बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याने अंड्याच्या पदार्थांसाठी तोच आकडा दिला आहे.

अवांतर: उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं ते बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन. जास्त वेळ उकळल्याची खूण. खायला अपाय नाही, दिसायला वाईट.

पोळीभाजी_एक्सप्रेस
@मंद_आच, उकडलेली अंडी सोलताना निम्मं पांढरं सालीबरोबर जातं, त्यावर उपाय?

मंद_आच
फार ताजी अंडी घेऊ नका. अंडं जुनं होतं तसा कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरं जास्त अल्कधर्मी होतं आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. आठवडाभर ठेवलेलं अंडं उकळत्या पाण्यात सोडा, झाल्यावर थंड पाण्यात टाका आणि बोथट टोकाकडून सोलायला घ्या, तिथे हवेची पोकळी असते.

दादर_टीटी
एवढे प्रतिसाद झाले आणि पारशांचं नाव नाही? अंड्याला घरच्या जेवणात एवढा मान दुसऱ्या कुणी दिला नसेल. त्यांचं 'पर ईडू' म्हणजे कशावरही अंडं. भेंडीवर अंडं, टोमॅटोवर अंडं, बटाट्यावर अंडं, सळीवर (बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर) अंडं. आमच्या मजल्यावर शेजारी पारशी कुटुंब होतं, आईने त्यांच्याकडूनच उचललं. आमच्याकडे मंगळवार-गुरुवार सोडून कधीही रात्री आठला ठरायचं आणि साडेआठला ताटात.

ओव्हन लागत नाही. पसरट, जाड बुडाच्या भांड्यात आपली नेहमीची भेंडीची भाजी करायची, पण कांदा भेंडीच्या निम्मा तरी हवा. भाजी सपाट पसरायची, पळीच्या पाठीने खळगे करायचे, प्रत्येक खळग्यात एक अंडं फोडायचं. वर मीठ-मिरपूड. भांड्यावर ताट झाकायचं आणि ताटात थोडं पाणी, कोरड्या भाजीला करतो तसंच. मंद आचेवर पाचेक मिनिटांत पांढरं आळतं, बलक मऊ राहतो. घरात कुणाला ओलं बलक आवडत नसेल तर त्याच्या खळग्यातलं काट्याने फोडून ठेवायचं. एकाच भांड्यात दोन्ही पक्ष खूश!

टोमॅटोचं करताना लोखंडी कढई घेऊ नका, आंबटाने चवीला धातू उतरतो. आणि खळगे भांड्याच्या बुडापर्यंत नेऊ नका, भाजीचा पातळ थर खाली राहू द्या, नाहीतर पांढरं तळाला चिकटतं.

हिवाळी_कांदा
@दादर_टीटी, हे लगेच होणार आमच्याकडे. फ्रोझन भेंडी चालेल का? इथे थंडीत ताजी मिळते ती अर्धी जून असते.

दादर_टीटी
चालेल, पण वितळवू नका. तशीच गरम तेलात टाकून मोठ्या आचेवर कोरडी करा, मीठ शेवटी. बुळबुळीतपणा जाईपर्यंत अंडी फोडायची नाहीत.

माशेल_मडगाव
गोंयकार हांगा पावलो! आमच्याकडे पणजीत संध्याकाळी गाड्यांवर 'रस आमलेट' मिळतं. कांदा-मिरचीचं पातळ आमलेट, त्यावर कोंबडीच्या शागुतीचा गरम रस, वर कच्चा कांदा, लिंबू, बाजूला पाव. घरी हे आदल्या दिवशीची शागुती संपवायचं साधन आहे. तुकडे मुलांनी संपवलेले असतात, रस उरतो. त्या रसावर चार माणसांचं जेवण होतं. रस नारळाचा आहे, परत तापवताना मोठ्या आचेवर ठेवू नका.

कोल्हापूरच्या भाऊंना ओरपायला हवं होतं ना? घ्या.

तांबडा_की_पांढरा
@माशेल_मडगाव, हे चालेल. आमच्याकडे उरलेल्या तांबड्या रश्श्यावर करून बघतो. (उरला तर.)

अक्का_बेळगाव
धागा छान चाललाय. मी शिळ्या पोळ्यांचं लिहिते, पाव सगळ्यांकडे पडून नसतो पण पोळ्या उरतातच. फोडणीची पोळी खाऊन पोरं कंटाळली की हे.

चार-पाच पोळ्या. कांदा-टोमॅटोची भुर्जीला करतो तशी मसाल्याची परतणी, टोमॅटो पूर्ण आटवून. सहा अंडी मीठ-हळद-जिरेपूड घालून फेटायची, दूध नाही. जाड बुडाचं पातेलं किंवा नॉनस्टिक पॅन पोळीच्याच मापाचं घ्यायचं. तूप सोडायचं, थोडं अंडं, त्यावर पोळी, पोळीवर परतणी, परत अंडं, परत पोळी. शेवटचा थर अंड्याचा. पोळ्यांना सुरीने टोचे मारून ठेवले तर अंडं खालपर्यंत उतरतं. घट्ट झाकण, खाली जुना तवा ठेवून अगदी बारीक आच, वीस-पंचवीस मिनिटं. मग ताटावर उलटं करून दुसरी बाजू पाच मिनिटं. वड्यांसारखे त्रिकोण कापायचे.

उलटायची भीती वाटणाऱ्यांनी उलटू नये, झाकण ठेवून आणखी थोडा वेळ द्यावा. वरचा रंग येणार नाही एवढंच. पोळ्या घडीच्या आणि मऊ हव्यात, कडक झालेल्या असतील तर आधी पाण्याचा हबका मारून फडक्यात ठेवा.

साताऱ्याच्या आजोबांना यात भाकरी-भाजीचं समाधान मिळेल असं वाटतं, कारण थर पोळीचा आहे. सोबत ताकाची कढी करा, वाटीतून प्यायला. वयस्कर माणसांना पातळ काही नसेल तर घास उतरत नाही, रुसवा तेवढाच असतो.

नाममात्र
+१. अक्का, यात थोडी शेंगदाण्याची चटणी भुरभुरली तर?

अक्का_बेळगाव
भुरभुर की. पण थरात नको, खाताना वरून. आत घातली तर अंडं शोषून रवाळ होतं.

निरामिष_नंदू
श्रावणात काय कराल? अंडं न घालता यातलं काही होईल का? की मी चुकीच्या धाग्यावर आलोय.

गिरगावची_गॅलरी
@निरामिष_नंदू, या, बसा. भानोलं तुमच्यासाठीच. अंडी आणि कोलंबी दोन्ही वगळा, बेसन थोडं वाढवा, कोबीबरोबर किसलेलं गाजर किंवा मटार घाला. बांधून ठेवायचं काम बेसन करतंच. बाकीच्या पदार्थांत अंडं काढून काही तरी दुसरं घालून तीच चव येईल म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

हिवाळी_कांदा
भानोलं झालं बरं का. कोलंबी घातली होती, परभी सांभार नव्हता म्हणून गहू-चणाडाळ भाजून धणे-मेथी-मोहरी-हिंगाबरोबर दळून घेतली. सासऱ्यांनी वरण-भाताबरोबर दोनदा घेतलं आणि आता सासूबाईंना विचारताहेत, की तू हे आजवर का नाही केलंस. घरात तणाव आहे. पर ईडूवर मात्र मुलं आणि नवरा अडून बसलेत, कारण खळगे त्यांचे त्यांना करायचे असतात.

आता डब्याचं विचारते. एग बेकच्या वड्या मुलांच्या डब्यात थंडच खाल्ल्या जातात. किती दिवस टिकतात? फ्रीझ होतं का?

मंद_आच
फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, डब्यात बर्फाची पिशवी असावी. फ्रीझ होतं, पण बटाटा घातलेलं नको, बटाटा वितळल्यावर भुसभुशीत आणि पाणचट होतो. पाव आणि कोरड्या भाज्यांचं चांगलं राहतं. पूर्ण निवल्यावर वड्या कापून, सुट्या गोठवून मग पिशवीत भरा. गरम करताना मायक्रोवेव्ह निम्म्या शक्तीवर, नाहीतर रबर.

भारतातल्या वाचकांसाठी: अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, धुताना कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं, म्हणून तिथे ती फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. आपल्याकडे बहुतेक अंडी न धुता येतात. ती आणल्या आणल्या धुऊन ठेवायची सवय असेल तर सोडा. वापरायच्या वेळीच धुवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र न धुतलेलीही फ्रिजमध्येच.

पोळीभाजी_एक्सप्रेस
शेवटची शंका. रात्री भरून ठेवलेली काचेची डिश फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालायची ना? की आधी बाहेर काढून ठेवू? मैत्रिणीची डिश तडकली होती.

मंद_आच
थेट नको. कॉर्निंग कंपनीने १९१५ साली पायरेक्स बाजारात आणलं तेव्हा ती बोरोसिलिकेट काच होती, तापमानाचा धक्का बऱ्यापैकी सोसणारी. अमेरिकेत पुढे त्याच नावाने सोडा-लाइम काचेची, टेम्पर केलेली भांडी विकली जाऊ लागली. ती हातातून पडल्यावर सहसा टिकतात, पण गार-गरमचा फरक त्यांना कमी झेपतो. तुमची कुठली आहे हे ओळखण्याच्या भानगडीत न पडता दोन्हींना सारखंच वागवा. अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा, ओव्हन पूर्ण तापल्यावरच आत घाला. बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर किंवा स्टीलच्या गार सिंकमध्ये टेकवू नका, लाकडी पाट नाहीतर कोरडं जाड फडकं घ्या. भाजताना मधेच गार पाणी किंवा दूध ओतू नका.

धातूचा टिन असेल तर यातलं काही लागू नाही. फक्त मिश्रणात टोमॅटो किंवा चिंच असेल तर उघड्या ॲल्युमिनियममध्ये रात्रभर ठेवू नका, आत बटर पेपर लावून घ्या.